मोठ्यानं वाचायची शिक्षा

माझी मानीकाकी पुस्तकावर विश्वास ठेवत नसे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई अडाणी असणार. उलट आहे. आमच्या मारेगावकडच्या तांड्यात त्या काळी बायकांमध्ये वाचता येणारी ती एकटीच होती, आणि पुरुषांतही कुणाला वाचता येत नव्हतं. पण पुस्तक हातात आलं की ती आधी ते मागूनपुढून पाहायची. कुणी लिहिलंय, कुठं छापलंय ते वाचायची. मग बैलबाजारात बैलाचे दात पाहावेत तशी मधलीच दोनचार पानं उघडायची. विकणारा बैलाचं वय कमी सांगतो, तसा लिहिणाराही काहीतरी दडवतोच, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या हाताखाली वाढल्यामुळं मीही तशीच निपजले. ही हकीकत सांगताना जे मला दुसऱ्यांनी सांगितलं त्यावर माझा पुरता विश्वास नाही. वाचणाऱ्यांनी माझ्यावरही ठेवू नये.

काकीचं माहेर उमरखेडकडं. १९५६ साली ती नऊ वर्षांची होती आणि जवळच्या गावातल्या शाळेत तिसरीला होती. तिच्या बापाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. त्यानं मात्र जमीन केली, कौलारू घर बांधलं आणि हंगामात लोकांचा कापूस गाडीनं जिनिंगवर पोचवायला लागला. तांड्यातली मुलगी शाळेत घालणारा तो पहिलाच. काकी म्हणायची, बापाला शिक्षणाची हौस होती. काकीची आई म्हणायची, पोरगी दिवसभर घरी राहिली की माझ्याशी भांडायची म्हणून घातली. मला आईचं खरं वाटतं.

त्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. गुरुजी म्हणाले, आता नवी पुस्तकं येतील. ती येईपर्यंत जुन्यावरच चाललं होतं, आणि त्या जुन्या पुस्तकात आमच्यावर एक धडा होता. मानी सगळ्यांत स्वच्छ वाचायची, म्हणून गुरुजींनी तिलाच उभं केलं. तिनं वाचलं, 'बंजारी लोक घरे बांधत नाहीत.' आणि ती थांबली.

"गुरुजी, हे झूट आहे. आमचं घर आहे. तुमी पाह्यलं."

गुरुजींनी नुसतं पाहिलं नव्हतं, वास्तूला पुरणपोळी खाऊन गेले होते. ते म्हणाले, "छापलेलं झूट नसते, मानी. पुढं वाच."

तिनं पुढं वाचलं. 'आज या गावी तर उद्या त्या गावी असा त्यांचा मुक्काम असतो. तांडा गावाजवळ उतरला की गावकरी आपली गुरे आणि मुले सांभाळतात.' तिच्या शेजारी गोणपाटावर बसलेल्या पोरानं आपली पाटी हळूच स्वतःकडं ओढून घेतली. तोच पोरगा सकाळी तिच्याकडून पेन्सिलीचा तुकडा घेऊन गेला होता.

घरी येऊन ती खूप रडली आणि उद्यापासून शाळेत जात नाही म्हणाली. बापानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपले लोक मीठ घेत होते, तवा पोतं उघडून चिमूटभर जिभेवर ठेवल्याबिगर बैलावर लादत नव्हते. यापारी सोयरा असला तरी. तू पुस्तकाची तशीच चव घेत जाय. खारट लागलं त ठेव, रेती लागली त थुक. पन बाजार कायले सोडतं?"

ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. तेव्हापासून तिला सवय लागली. एक वाक्य वाचायचं, जिभेवर घोळवायचं, पटलं तर पुढं जायचं आणि नाही पटलं तर ओठातल्या ओठात 'झूट' म्हणायचं. जास्तच खोटं वाटलं तर मान हलवायची, आणि अगदीच राग आला तर त्या ओळीवर बोट रोखून दोन शब्द सुनवायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिचं तोंड पहिल्याच घोटाला पोळलं होतं.

चौथीनंतर शाळा सुटली, वाचणं सुटलं नाही. मिळेल ते ती वाचायची. पंचांगात पाऊस सांगितला असेल त्या दिवशी आभाळाकडं पाहत बसायची. चोर पकडण्याच्या गोष्टीत तिचा संशय कुठल्या पात्रावर नसायचा, लिहिणाऱ्यावर असायचा. म्हणायची, याला पहिल्या पानापासून ठाऊक होतं आणि यानं मुद्दाम आपल्याला फिरवलं. मासिकातल्या गोष्टीत एखादी बाई पान पान रडली की हिचा सवाल तयार, "हे इतकी रडते, मंग सैंपाक कोन करते?"

१९६१ साली ती लग्न होऊन आमच्या घरी आली. माझा काका भावसिंग हा तिचा नवरा. आजोबा खेमसिंग आणि आजी धनीबाई हे तिचे सासूसासरे, आणि माझी आई जमनाबाई ही तिची मोठी जाऊ. सगळे एकाच छपराखाली. आमच्यात सुनेनं वडीलधाऱ्या पुरुषांसमोर घुंगटो ओढायचा असतो, हे बाहेरच्यांना दिसतं. दिसत नाही ते असं की सुनेचा आवाजही त्यांच्या कानावर पडू द्यायचा नसतो. सासऱ्याला भाकरी हवी का हे विचारायचं तर ती जावेच्या कानात सांगणार आणि जाऊ मोठ्यानं विचारणार. जाऊ जुनी झाली, पोराबाळांची झाली की तिला थोडी मोकळीक मिळते. माझ्या आजोबांनी पहिल्या चार वर्षांत मानीकाकीचा आवाज ऐकलेला नव्हता. ती मुकी आहे असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांना खोटं पाडता आलं नसतं.

आता अशा घरात मोठ्यानं वाचणार कोण? काकी दुपारी गोठ्याच्या दाराशी उजेडाला बसायची आणि घुंगटाआड ओठ हलवत वाचायची. पुस्तकं तिला गावातून मिळायची. तिथले वामनराव म्हणजे कपाशीचे मोठे कास्तकार, आणि त्यांची बायको विमलताई सातवी झालेली. विमलताईचा भाऊ यवतमाळहून तिला पुस्तकं पाठवी. काकी त्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, तिथं ओळख झाली. विमलताई पुस्तक द्यायची, पण परत घेताना काकीच्या समोर एकेक पान मोजायची आणि शेणाचा वास येतो का तेही पाहायची. वामनरावांना तर पक्की खात्री होती की ही बाई पुस्तकं रद्दीत विकते आणि एक दिवस शेवटचं नेईल ते आणणारच नाही. काकीला हे कळत होतं. तिला त्याचा राग येत नसे. ती म्हणायची, मी तिच्या पुस्तकाची चव पाहते, ती माझी पाहते.

घरातही संशय होताच. काकी ज्वारीच्या कणगीत काहीतरी लपवते, हे माझ्या आईनं ताडलं. आईला वाटलं, माहेरचा दागिना असेल. तिनं एकदा कोपरापर्यंत हात घालून शोधलं तर हाताला पुस्तक लागलं. दागिना निघाला असता तर आई भांडली असती आणि विषय संपला असता. पुस्तक निघालं म्हणून ती घाबरली.

१९६५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. काकीची मुलगी गंगी तेव्हा दोन वर्षांची होती. आमच्या गोठ्याला लागून भुरीबाईचं घर. तिची वगार, म्हणजे म्हशीची पारडी, मेली. मग तिची म्हैस आटली. मग तिच्या नातवाला ताप आला आणि उतरेना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच ते असेल. पण भुरीबाई रिकाम्या दुपारी आपल्या परड्यात बसून आमच्या गोठ्याकडं पाहत असे, आणि तिला रोज काय दिसे? घुंगटाआड एक बाई, हातात कागद, ओठ हलताहेत, मान नकाराची हलते आहे, मधूनच बोट रोखलं जातं आहे. आणि तोंड भुरीबाईच्या म्हशीकडं, कारण उजेड त्याच बाजूनं यायचा.

भुरीबाई एक शब्द बोलली. डाकण. बाईच्या नजरेनं आणि मंतरानं जनावर मरतं असं मानणारे त्या काळी आमच्याच तांड्यात होते असं कुणी समजू नये. गावात होते, आणि चांगल्या शिकलेल्या घरांतही होते. फरक इतकाच की आमच्यात त्याचा निवाडा नसाबीत होई. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नाईक, कारभारी आणि जाणती माणसं बसणार, आणि बाईवर डाकण असल्याचा ठपका बसला तर तिला माहेरी घालवणार. लेकरू मात्र बापाच्या गोताचं. ते इथंच राहणार.

त्या संध्याकाळी आजीनं काकीच्या मांडीवरून गंगीला उचललं आणि म्हणाली, "आजपासून हे माह्याजवळ झोपीन."

काकीनं माझ्या आईकडं पाहिलं. आईनं खाली पाहिलं. ती चुलीत काटकी सारत होती आणि चूल विझलेली होती.

नवऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. भावसिंगकाका वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. त्यानं तिला काय विचारलं ते काकीनंच मला पुढं सांगितलं.

"तू त्या कागदाले काय म्हणत असतं?"

"झूट म्हणते."

"कोनाले?"

"पुस्तकाले."

"पुस्तकाले कान आहेत का?"

नऊ वर्षांची असल्यापासून ज्याच्याशी ती बोलत आली त्याला कान नाहीत, हे तिला तोवर कुणी दाखवून दिलं नव्हतं. काका कूस बदलून झोपला. मला वाटतं, तोही त्या दिवसांत तिच्या ओठांवर नजर ठेवून होता.

नसाब नाईकांच्या घरासमोर बसली. हरिसिंग नाईक तेव्हा साठीचे, हातात काठी, बोलणं कमी. बायका एका बाजूला बसल्या होत्या. मी आईच्या पाठीशी होते, त्यामुळं इथून पुढचं ऐकीव नाही. बोलणं अर्थात आमच्या गोरबोलीत झालं. मी आपलं इकडच्या वऱ्हाडीत सांगते.

नाईकांनी भुरीबाईचं ऐकून घेतलं. मग काकीला विचारलं, "तू कायचा मंतर म्हणतं?"

काकी माझ्या आईच्या कानाशी वाकली. आई मोठ्यानं म्हणाली, "मंतर नाही, पुस्तक वाचते."

"वाचते त मान काहून हालवते? बोट कोनाले दाखवते?"

पुन्हा कानात कुजबुज. आई म्हणाली, "पुस्तकात खोटं लिवलं असलं की त्याले खोटं म्हणते."

कारभारी हसले. "एवढं लंबं सांगतलं तिनं, आन तू एवढंच बोलली. मधातलं काय गायब केलं, जमना?"

आईनं काही गायब केलं नव्हतं. पण संशय एकदा बसला की सांगणाऱ्यावरही बसतो. नाईकांनी काठी आपटली. "तिच्याच तोंडानं ऐकू. पुस्तकं आना. तिनं वाचावं, मोठ्यानं."

माझे आजोबा तिथंच बसले होते. सासऱ्यासमोर, नाईकांसमोर, अख्ख्या नसाबीसमोर सुनेनं आवाज काढायचा म्हणजे तोही एक गुन्हाच. न वाचावं तर डाकण, वाचावं तर निलाजरी. लोक आजोबांकडं पाहू लागले. ते उठून जातील असं सगळ्यांना वाटलं, तीच रीत होती. ते उठले नाहीत. बसल्या जागी वळले आणि नसाबीकडं पाठ करून बसले.

नाईक काही कमी वस्ताद नव्हते. बाई स्वतःच्या मनातलंच वाचेल आणि आपल्याला काय कळणार, म्हणून त्यांनी वामनरावांना गावातून बोलावून घेतलं होतं. वामनराव चौथी पास. त्यांनी काकीच्या बाजूला बसायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि ती वाचते तेच लिहिलंय का ते सांगायचं. परका माणूस म्हणून कारभाऱ्यांना त्यांचाही भरवसा नव्हता, पण दुसरा वाचणारा आणायचा कुठून? पुस्तक कोणतं, हेही नाईकांनी तिच्यावर सोडलं नाही. कणगीतून काढलेल्या चार पुस्तकांतलं सगळ्यांत पातळ त्यांनी काठीनं बाजूला ओढलं. शेतकीच्या लोकांनी गावात वाटलेली कपाशीच्या लागवडीची पुस्तिका होती ती. विमलताईनं ती पुस्तक म्हणून दिली की चूल पेटवायला, देव जाणे.

काकीनं पुस्तिका घेतली. पहिलं वाक्य ती वाचत होती तेव्हा आवाज फुटेना, नुसती हवा येत होती. भुरीबाई म्हणाली, "पाहा, हेच ते." मग काकीनं आजीच्या कडेवरच्या गंगीकडं पाहिलं आणि आवाज काढला. चांगला खणखणीत, शाळेत वाचायची तसा.

"पेरणीपूर्वी सरकी शेणकाल्यात घोळून घ्यावी."

वामनराव बोट सरकवत म्हणाले, "हो. हेच लिवलं."

"हे आमाले कोन सांगून राह्यलं?" एक म्हातारा म्हणाला. "माहा बाप घोळत होता."

"कपाशीच्या दोन ओळींत दोन हात अंतर ठेवावे."

"हेच लिवलं," वामनराव म्हणाले. पण तेही कपाशीवाले. पुढं म्हणाले, "हलक्या जमिनीत कायले पाह्यजे दोन हात?"

"कपाशीत तुरीची ओळ घेऊ नये. तिने कपाशीचा जोर कमी होतो."

आता मात्र चुळबुळ सुरू झाली. तूर नाही घ्यायची, मग वरण कशाचं करायचं? पाऊस गेला आणि कपाशी बसली तर माणसानं वर्षभर खायचं काय? हे लिहिणाऱ्यानं कधी कपाशीची पऱ्हाटी पाहिली तरी होती का? कुणी हे मोठ्यानं म्हणालं नाही, नाईकांसमोर म्हणता येत नव्हतं. जो तो आपल्याशीच पुटपुटत होता. कारभारी मान हलवत होते. काकीनं पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुद्द हरिसिंग नाईक त्या पुस्तिकेवर काठीचं टोक रोखून हळूच म्हणाले, "झूट."

भुरीबाई एकेकाच्या तोंडाकडं पाहत होती. कुणाकुणाचे ओठ हलताहेत ते ती मोजत असावी. मग ती खाली पाहायला लागली.

नाईकांना आपण काय केलं ते उमजलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि निवाडा दिला. बाई डाकण नाही. भुरीबाईनं नातवाला दवाखान्यात न्यावं. पण कारभाऱ्यांचं समाधान झालं नव्हतं. ते म्हणाले, आज समोर बसून बरोबर वाचलं. उद्या गोठ्यात बसून काय पुटपुटेल, कोण पाहतो? या बोलण्यावर कितीतरी माना हलल्या. मग नाईकांनी निवाड्याला शेपूट जोडलं. यापुढं हिनं मनात वाचायचं नाही. वाचायचं तर अंगणात, मोठ्यानं आणि आपल्या बोलीत, म्हाताऱ्या बायकांनाही समजेल असं. एकटीनं पुस्तक उघडलेलं दिसलं तर पुन्हा नसाब बसेल.

आजीनं तिथंच गंगीला काकीच्या मांडीवर ठेवलं. आजोबा अजून पाठ करून बसले होते. घरी जाताना ते माझ्या आईला इतकंच म्हणाले, "आवाज साफ आहे तिचा."

लोकांना हा निवाडा काकीच्या बाजूचा वाटला. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. पुस्तकाशी तिचं जे काही होतं ते दोघांतलं होतं. ते सगळ्या तांड्यानं काढून घेतलं. ती गोठ्याच्या दाराशी जायची थांबली. कितीतरी दिवस तिनं काहीच वाचलं नाही. मग एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती पुस्तक घेऊन अंगणात आली, खाली बसली आणि मराठी पानावर नजर ठेवून गोरबोलीत वाचू लागली.

त्या वाचण्याला लोक येऊ लागले. आधी पाळत ठेवायला आले, मग ऐकायला. भुरीबाईसुद्धा यायची, लांब बसायची. आजोबा बाजेवर पाठ करून पडायचे, आणि ती थांबली की खाकरायचे. पुस्तकावर बोट ठेवायला आता वामनराव नव्हते. मी तिच्या गुडघ्याला लागून बसायची आणि पानावरची अक्षरं ओळखायची. तीच मला शिकवत होती. पुढं तिच्याच हट्टानं मी गावच्या शाळेत गेले.

तिनं वाचलेल्या पुस्तकांत एक किल्ल्याची कादंबरी होती. किल्ल्याला वेढा पडलेला, आतले लोक उपाशी. एक बंजारी रात्रीतून धान्याचे बैल चोरवाटेनं आत नेतो आणि किल्ला वाचवतो. शत्रू त्याला पकडतो, मारतो, पण तो वाट सांगत नाही. हे ऐकताना माझ्या आजीनं पदर डोळ्याला लावला होता. पुढच्या होळीला आमच्या तांड्यातल्या पुरुषांनी त्याच्यावर लेंगी रचली. लेंगी म्हणजे आमचं होळीचं गाणं, फेर धरून म्हणायचं. दुसऱ्या तांड्यांतले पाहुणे ती शिकून गेले.

१९६९ साली मी चौदा वर्षांची होते आणि पाचवीत. विमलताई मला आता घरात बसून वाचू द्यायची, पानं मात्र मोजायचीच. तिच्या फडताळात मला ती किल्ल्याची कादंबरी दिसली. आवडती गोष्ट म्हणून मी ती घेतली आणि ओसरीवर बसले.

कादंबरीत बंजारी होता. बैल होते, धान्य होतं, चोरवाटही होती. पण पुस्तकातल्या बंजाऱ्यानं ती वाट चार मोहरांना शत्रूला विकली होती. किल्ला पडला. शेवटच्या प्रकरणात त्याला कड्यावरून लोटलं, आणि लिहिणाऱ्यानं खाली लिहिलं होतं की त्या जातीकडून दुसरं काय होणार.

मी ते पान दोनदा वाचलं. मग फडताळातली दुसरी पुस्तकं काढली, काकीनं अंगणात वाचलेली. कुठं अंगठी चोरणारी मोलकरीण होती, काकीच्या वाचण्यात ती अंगठी मालकिणीच्याच भावानं लांबवली होती. कुठं भोळा, आळशी, दारू पिऊन पडणारा गोंड होता. तिच्या वाचण्यात तो दारू पीत नव्हता, आणि भोळा तर मुळीच नव्हता. माझं डोकं फिरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना झूट म्हणणारी ही बाई, आणि अख्ख्या तांड्याला हिनं काय ऐकवलं? आम्ही त्याच्यावर रडलो होतो. आमची माणसं त्याच्यावर फेर धरून नाचली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वामनरावांच्या शेतात वेचणीला होतो. बाकीच्या बाया पुढच्या ओळीत गेल्या तेव्हा मी तिला गाठलं. "काकी, त्या बंजाऱ्यानं वाट विकली होती. मी वाचलं."

तिचे हात थांबले नाहीत. बोंड, बोंड, ओटीत कापूस. जरा वेळानं म्हणाली, "नसाबीत तू होती ना?"

"होती."

"मोठ्यानं वाच म्हणले. आपल्या बोलीत वाच म्हणले. लिवलं तसंच वाच, असं कोनी म्हणलं होतं?"

"पन लोकाले ते खरं वाटते, काकी."

"आजवर त्याइनं लिवलं तेही लोकाले खरंच वाटत आलं."

मग तिनं वेचणं थांबवलं आणि माझ्याकडं वळली. "तू कोनाले सांगतलं?"

"नाही."

"सांगशीन?"

"नाही."

ती खूप वेळ माझ्याकडं पाहत राहिली. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं. हरिसिंग नाईक अजून नाईकच होते. भुरीबाई अजून शेजारीच होती. गंगी सहा वर्षांची. ही बाई पुस्तकात नसलेलं वाचते, एवढं एक वाक्य मी कुणापाशी बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तेव्हा गोठ्यात बसून ही खरोखर काय म्हणत होती? मी तिच्याच हाताखाली शिकलेली, आणि आता तांड्यात तिच्याशिवाय वाचता येणारी मी एकटीच होते. तिनं माझ्यावर विश्वास ठेवावा असं काही मी तोवर केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती अंगणात वाचायला बसली. मी नेहमीसारखी तिच्या गुडघ्याला लागून बसले. तिनं वाचलं, आणि पहिल्यांदाच ओळन् ओळ जशी लिहिली होती तशी वाचली. चोर तोच, जो पुस्तकात होता. गरीब तसाच मूर्ख, जसा पुस्तकात होता. ऐकणारे चुळबुळू लागले. आजोबा बाजेवरून म्हणाले, "हे पुस्तक कामाचं नाही." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. लोक कमी येऊ लागले, म्हणू लागले की आताच्या पुस्तकांत पहिल्यासारखा दम राहिला नाही. वाचताना ती फक्त एकदा माझ्या नजरेकडं पाहायची आणि पानावर जे असेल तेच म्हणायची.

मला राग आला होता, तो तेव्हा गेला. त्याची जागा कशानं घेतली ते सांगता येणार नाही. मी शपथ घेतली असती तरी तिनं तिचीही आधी चव पाहिली असती. शब्दांवर तिचा विश्वास बसणार नव्हता.

म्हणून मग वाचायची वेळ झाली, ती पुस्तक घेऊन अंगणात आली, की मी उठायची. घरातली भरलेली घागर मागच्या परड्यात ओतून द्यायची आणि सगळ्यांच्या समोरून पाण्याला जायची, ती तिचं वाचणं संपेपर्यंत परत यायची नाही.